परतलेला खेळाडू आणि अविचल प्रतिस्पर्धी

दुखापतीतून सावरून मैदानावर परतणाऱ्या अनुभवी खेळाडूविषयी जे लिहिले जाते त्यात त्याच्या जिद्दीचे वर्णन भरपूर असते. परंतु ज्या शारीरिक बिघाडामुळे तो मैदानाबाहेर गेला त्या बिघाडाचे स्वरूप, आणि तो परतला त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याचे वागणे, या दोन गोष्टींकडे बहुधा दुर्लक्ष होते. वास्तविक पुनरागमनाचा निकाल या दोहोंवरच अवलंबून असतो. विदर्भातील वाचकाला या विषयाचे उत्तम उदाहरण दूर शोधावे लागत नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर ऑक्टोबर २००४ आणि ऑक्टोबर २००५ अशा लागोपाठच्या दोन वर्षांत सचिन तेंडुलकर एकाच कोपराच्या दुखण्यातून दोनदा परतला. पहिल्या वेळी त्याचे पुनरागमन पूर्णपणे फसले आणि दुसऱ्या वेळी ते साधले. या दोन सामन्यांचा अर्थ नीट लावायचा तर शरीरशास्त्राची थोडी ओळख करून घ्यावी लागते, आणि दुखापत व मनःस्थैर्य यांचे नाते अधिक उघडेपणी दाखवणाऱ्या गोल्फ या खेळाकडेही वळावे लागते.

प्रथम दुखण्याविषयी. मनगट मागे उचलणारे, म्हणजे हाताचा पंजा वरच्या दिशेने वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला दंडाच्या हाडावरील एका उंचवट्याला चिकटलेले असतात. ज्या चिवट दोरीसारख्या भागाने स्नायू हाडाला बांधला जातो त्याला कंडरा म्हणतात. कोणतीही वस्तू घट्ट पकडताना मनगट स्थिर ठेवण्यासाठी हेच स्नायू ताणले जातात, त्यामुळे मूठ आवळण्याची प्रत्येक क्रिया या लहानशा जागेवर भार टाकते. भार वारंवार आणि विश्रांतीविना पडत राहिला की कंडरेच्या तंतूंत सूक्ष्म चिरा पडतात, त्या भरून येण्याआधीच नव्या पडतात, आणि कालांतराने तेथील ऊती निकृष्ट दर्जाची व विस्कळीत होते. या अवस्थेला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. हीच प्रक्रिया कोपराच्या आतल्या बाजूला, मनगट पुढे वाकवणाऱ्या स्नायूंच्या मुळाशी घडली तर तिला ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात. पूर्वी याला केवळ सूज समजले जाई. आता तज्ज्ञ तिला मुख्यतः झीज मानतात, आणि म्हणूनच सूज उतरवणाऱ्या औषधांचा उपयोग मर्यादित ठरतो.

झिजेवरचा उपाय सावकाश असतो. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवड्यांपुरते दुखणे हमखास कमी करते, परंतु वर्षभरानंतर पाहिले असता ते घेतलेल्यांत दुखणे उलटण्याचे प्रमाण अधिक आढळते, असे नियंत्रित चाचण्यांतून दिसून आले आहे. त्याउलट, स्नायू लांबत असताना त्याच्यावर हळूहळू वाढता भार देणारे व्यायाम कंडरेला पुन्हा सशक्त करतात. मात्र त्यांना महिनोन्‌महिने लागतात. बहुसंख्य रुग्ण वर्ष-दीड वर्षात शस्त्रक्रियेविना बरे होतात. उरलेल्या थोड्यांच्या बाबतीत निकृष्ट ऊती काढून टाकणारी शस्त्रक्रिया करावी लागते. व्यावसायिक खेळाडूची अडचण अशी की वर्ष-दीड वर्ष थांबण्याची मुभा त्याला कोणी देत नाही, आणि तो स्वतःही स्वतःला देत नाही.

उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या मुठीवर वरच्या बाजूला असतो आणि सरळ बॅटने मारलेल्या फटक्याची दिशा व नियंत्रण बव्हंशी त्याच्याकडे असते. तेंडुलकरची बॅट जड असे, तिचे वजन सुमारे १.४ किलो भरे, आणि तिचा तोल सांभाळण्याचा ताण वर्षानुवर्षे डाव्या कोपरावर येत होता. ऑगस्ट २००४ मध्ये नेदरलँड्सच्या दौऱ्यावर हे कोपर दुखावले तेव्हा त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीला जवळजवळ १५ वर्षे होत आली होती. इंग्लंडमधील एकदिवसीय सामने आणि चॅम्पियन्स ट्रॉफी ही स्पर्धा त्याला सोडावी लागली, आणि ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध सुरू झालेल्या मालिकेतील बंगळुरू व चेन्नई येथील पहिल्या दोन कसोटींतही तो नव्हता. बंगळुरूची कसोटी भारत २१७ धावांनी हरला होता. चेन्नईत भारताला विजयासाठी २२९ धावांचे लक्ष्य असताना पावसाने शेवटचा दिवस वाया घालवला. मालिका वाचवण्यासाठी नागपूरची तिसरी कसोटी निर्णायक होती, आणि याच कसोटीत तेंडुलकर परतला.

ही कसोटी २६ ऑक्टोबर २००४ रोजी सुरू झाली. खेळपट्टीवर गवत राखलेले होते, कर्णधार सौरव गांगुली खेळू शकला नव्हता आणि राहुल द्रविडकडे नेतृत्व आले होते. ऑस्ट्रेलियाचा नियमित कर्णधार रिकी पाँटिंगही अंगठ्याच्या दुखापतीमुळे बाहेर असल्याने अ‍ॅडम गिलख्रिस्ट नेतृत्व करत होता. ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ३९८ धावा केल्या, त्यांत डेमियन मार्टिनच्या ११४ होत्या. भारताचा डाव १८५ धावांत संपला. तेंडुलकर ८ धावांवर जेसन गिलेस्पीच्या चेंडूवर पायचीत झाला आणि दुसऱ्या डावात २ धावांवर ग्लेन मॅग्राच्या चेंडूवर झेल देऊन परतला. ऑस्ट्रेलियाने सामना ३४२ धावांनी जिंकला आणि १९६९ नंतर भारतात प्रथमच कसोटी मालिका जिंकली.

या पराभवाची चर्चा तेव्हा खेळपट्टीभोवती आणि तेंडुलकरच्या तंदुरुस्तीभोवती फिरली. ती अपुरी होती. मॅग्राचे पहिल्या डावातील पृथक्करण पाहिले तर त्या दिवशीच्या खेळाचे खरे मर्म समजते: २५ षटके, त्यांतली १३ निर्धाव, २७ धावा आणि ३ बळी. हा त्याचा १०० वा कसोटी सामना होता. वय ३४ वर्षांचे होते. आणि घोट्याच्या शस्त्रक्रियेमुळे आधीच्या मोसमाचा बराचसा काळ मैदानाबाहेर काढून तो स्वतःही त्याच वर्षी परतला होता. म्हणजे नागपुरात दोन परतलेले अनुभवी खेळाडू आमनेसामने होते, आणि त्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या पुनरागमनाची दखलच घेतली नाही. जगातील सर्वात मोठा फलंदाज दुखऱ्या कोपराने खेळायला आला आहे म्हणून त्याला आखूड चेंडूंनी डिवचण्याचा मोह ऑस्ट्रेलियाला पडला नाही, की प्रेक्षकांच्या गजरामुळे त्यांच्या गोलंदाजांची लय बिघडली नाही. साडेतीन वर्षांपासून, म्हणजे २००१ च्या कोलकाता कसोटीतील पराभवापासून, ज्या चुकीचा त्यांनी विचार केला होता ती म्हणजे भारतात प्रत्येक चेंडूवर बळी मिळवण्याची घाई. या वेळी त्यांनी यष्ट्यांच्या रेषेत चेंडू टाकायचे, सीमारेषेवर क्षेत्ररक्षक ठेवून चौकार तोडायचे आणि फलंदाजाची सहनशीलता संपण्याची वाट पाहायची, असे ठरवले होते. नागपूरच्या गवतावर आक्रमक व्हावेसे वाटणे स्वाभाविक असतानाही त्यांनी तो बेत बदलला नाही. गिलेस्पीने सामन्यात ९ बळी घेतले.

प्रतिस्पर्ध्याचे स्थैर्य म्हणतात ते हे. त्याचा अर्थ थंडपणा किंवा भावनाशून्यता असा घेतला जातो, तो चुकीचा आहे. समोर कोण आहे, त्याची कथा काय आहे, प्रेक्षक कोणाच्या बाजूने आहेत, या माहितीला आपल्या पुढच्या कृतीत शिरू न देणे, ही एक कमावलेली क्षमता आहे आणि ती सरावानेच येते. तेंडुलकरला ती परकी नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत सिडनी येथे, ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूवर वारंवार बाद होत असल्याचे ध्यानात घेऊन, त्याने आपला आवडता कव्हर ड्राइव्ह जवळजवळ वर्ज्य केला होता आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या होत्या. परंतु असा संयम शरीरावरच्या विश्वासाचा आधार मागतो. ज्याचे कोपर प्रत्येक फटक्यागणिक दुखते किंवा दुखेल अशी ज्याला शंका वाटते, त्याचे अर्धे लक्ष कोपराकडे असते, आणि उरलेल्या अर्ध्या लक्षाने मॅग्राला खेळता येत नाही.

क्रिकेटमध्ये हे सारे मिसळलेले असते, कारण गोलंदाजाचा चेंडू फलंदाजाच्या कृतीवर थेट परिणाम करतो. गोल्फमध्ये तसे नसते. तेथे प्रत्येक खेळाडू आपापला स्थिर चेंडू मारतो, प्रतिस्पर्धी त्याला स्पर्शही करू शकत नाही, आणि म्हणून एकाचा दुसऱ्यावर जो काही परिणाम होतो तो केवळ मनातून होतो. या खेळात साधारणपणे १८ खळ्यांची एक फेरी असते आणि मोठ्या स्पर्धेत चार दिवसांत चार फेऱ्या होतात. प्रत्येक खळीत चेंडू घालण्यासाठी कुशल खेळाडूला किती फटके लागावेत याची संख्या ठरलेली असते, तिला ‘पार’ म्हणतात; त्याहून एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’ आणि दोन जास्त लागले तर ‘डबल बोगी’. ज्याचे एकूण फटके सर्वात कमी तो विजेता. शेवटच्या दिवशी आघाडीवरचे खेळाडू जोडीने किंवा तिघे मिळून चालतात, म्हणजे चार-साडेचार तास प्रतिस्पर्धी एकमेकांच्या डोळ्यांसमोर असतात.

टायगर वुड्सने जून २००८ मध्ये अमेरिकन ओपन ही स्पर्धा डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला आणि नडगीच्या हाडाला भेगा गेलेल्या असताना जिंकली होती, आणि ते त्याचे १४ वे प्रमुख विजेतेपद होते. पुरुषांच्या गोल्फमध्ये वर्षाला चारच स्पर्धा प्रमुख मानल्या जातात. त्यानंतर मात्र त्याची पाठ बिघडली. गोल्फचा फटका मारताना कंबर आणि खांदे वेगवेगळ्या गतीने फिरतात, कण्याच्या खालच्या भागाला पीळ पडतो आणि त्याच क्षणी त्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. मणक्यांमधल्या गादीला हा पीळ आणि दाब हजारो वेळा सोसावा लागतो. ती फाटली की आतला मऊ भाग बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला दाबतो आणि पाठीपासून पायापर्यंत कळा येतात. २०१४ आणि २०१५ या वर्षांत वुड्सच्या पाठीवर तीन शस्त्रक्रिया झाल्या. एप्रिल २०१७ मध्ये चौथी झाली, तीत कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामधली खराब गादी काढून ती दोन्ही हाडे कायमची जोडण्यात आली. असा सांधा जोडला की त्या जागचे दुखणे थांबते, पण त्या जागची हालचालही थांबते, आणि खेळाडूला आपला फटका नव्याने बसवावा लागतो. वुड्स २०१७ च्या डिसेंबरमध्ये परतला तेव्हा जागतिक क्रमवारीत तो हजाराच्याही खाली घसरलेला होता.

२२ जुलै २०१८ रोजी स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपन या प्रमुख स्पर्धेची शेवटची फेरी झाली. वुड्स त्या दिवशी इटलीच्या फ्रान्चेस्को मोलिनारीबरोबर खेळत होता. वारा सुटला होता, सकाळी आघाडीवर असलेले खेळाडू मागे पडत गेले, आणि पहिल्या नऊ खळ्यांनंतर वुड्स एकटा आघाडीवर आला. दहा वर्षांनी पुन्हा प्रमुख विजेतेपद मिळवण्याच्या इतक्या जवळ तो पोहोचला आहे हे पाहून प्रेक्षकांचा लोंढा त्या जोडीमागे धावू लागला. या साऱ्या गलक्यात मोलिनारीने पहिल्या तेराही खळ्यांवर पार खेळला. एकही बर्डी नाही, एकही बोगी नाही. अकराव्या खळीवर वुड्सला डबल बोगी आणि बाराव्या खळीवर बोगी लागली. मोलिनारीने चौदाव्या आणि अठराव्या खळीवर बर्डी साधून दोन फटक्यांनी स्पर्धा जिंकली आणि प्रमुख स्पर्धा जिंकणारा तो पहिला इटालियन ठरला. शेवटच्या ३७ खळ्यांत त्याला एकही बोगी लागली नव्हती. त्याच्या या खेळात पाहणाऱ्याला रोमांच वाटावा असे फारसे काही नव्हते आणि वृत्तपत्रांचे मथळे वुड्सच्या नावानेच निघाले, परंतु त्या दिवशीचा सर्वश्रेष्ठ खेळ मोलिनारीचा होता.

हे स्थैर्य जन्मजात नव्हते. मोलिनारीने काही वर्षे डेव्ह ऑलरेड या इंग्रज प्रशिक्षकाबरोबर काम केले होते; ऑलरेड मूळचा रग्बीत चेंडूला लाथ मारण्याचे प्रशिक्षण देणारा, आणि सराव हा सामन्याहून अधिक त्रासदायक असला पाहिजे, चुकीला तिथेच किंमत मोजावी लागली पाहिजे, हे त्याचे सूत्र. वुड्सचे सान्निध्यही मोलिनारीला नवे नव्हते. २००६ च्या मास्टर्स स्पर्धेत त्याचा थोरला भाऊ एदोआर्दो हा हौशी विजेता म्हणून गतविजेत्या वुड्सबरोबर खेळला होता, आणि तेव्हा भावाची काठ्यांची पिशवी उचलणारा कॅडी फ्रान्चेस्को होता. बारा वर्षांपूर्वी ज्याच्या शेजारून पिशवी घेऊन चालला त्याच्याच शेजारून स्पर्धक म्हणून चालताना त्याने आपल्या चालण्याची गतीसुद्धा बदलली नाही.

वुड्सच्या उपस्थितीचा इतरांवर परिणाम होतो हे केवळ सांगोवांगीचे नाही. जेनिफर ब्राउन या अर्थशास्त्रज्ञ महिलेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की वुड्स स्पर्धेत असला की अन्य कुशल खेळाडूंना पहिल्या फेरीत सरासरी सुमारे ०.२ फटके अधिक लागत, आणि वुड्सचा खेळ मंदावला होता त्या काळात हा परिणाम दिसत नसे. पुढे काही संशोधकांनी या आकडेमोडीवर आक्षेप घेतले, त्यामुळे तो आकडा अंतिम मानू नये. पण दडपणाखाली कौशल्य का ढासळते याविषयीचे प्रयोग अधिक भक्कम आहेत. सायन बेलॉक आणि टॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे खळीजवळच्या हिरवळीवर चेंडू अलगद ढकलण्याच्या कौशल्यावर, केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की सरावाने अंगवळणी पडलेली क्रिया दडपणामुळे माणूस पुन्हा टप्प्याटप्प्याने, जाणीवपूर्वक करू लागतो आणि तेथेच ती बिघडते. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये हीच कल्पना वेगळ्या वाटेने मांडली होती. जोन व्हिकर्स यांनी नेमबाजी, बास्केटबॉल, गोल्फ अशा खेळांत नजरेच्या हालचाली मोजल्या, तेव्हा उत्तम खेळाडूंची नजर कृती सुरू होण्यापूर्वी लक्ष्यावर अधिक काळ स्थिरावते असे आढळले. यावरून मनःस्थैर्याचा संबंध पूर्वायुष्यातल्या संस्कारांपेक्षा लक्ष कोठे ठेवले आहे याच्याशी अधिक आहे असे म्हणता येते, आणि म्हणूनच ते शिकवता येते.

परतणाऱ्या खेळाडूला हा धोका दुहेरी असतो. उपचारांच्या काळात त्याला मुद्दाम शिकवले जाते की आपल्या हालचालीकडे लक्ष दे, कोपर कसे वळते ते पाहा, कंबर कोठे थांबते ते पाहा. ही दक्षता दुखावलेल्या भागाचे रक्षण करते. तीच सामन्यात घेऊन गेले तर अंगवळणी पडलेल्या कौशल्याला खीळ घालते. म्हणून वैद्यकीयदृष्ट्या बरा झालेला खेळाडू आणि खेळण्यास सिद्ध झालेला खेळाडू यांत काही महिन्यांचे अंतर राहते, आणि ते कोणत्याही क्ष-किरण तपासणीत दिसत नाही.

कार्नूस्टीनंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, वुड्सने अटलांटा येथील टूर चॅम्पियनशिप जिंकली. पाच वर्षांतील ते त्याचे पहिले विजेतेपद होते. १४ एप्रिल २०१९ रोजी मास्टर्स स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत वुड्स आणि मोलिनारी पुन्हा एकत्र आले, या वेळी मोलिनारी दोन फटक्यांनी पुढे होता. ऑगस्टा नॅशनल या मैदानाची बारावी खळी अवघ्या १५५ यार्डांवर आहे, पण तिच्यासमोरून एक ओढा वाहतो आणि वारा तेथे क्षणाक्षणाला दिशा बदलतो. मोलिनारीचा चेंडू हिरवळीच्या उतारावर पडून ओढ्यात गेला आणि त्याला डबल बोगी लागली. त्याच खळीवर ब्रुक्स केप्का, इयन पोल्टर आणि टोनी फिनाउ यांचेही चेंडू पाण्यात गेले. वुड्सने उजवीकडच्या झेंड्याकडे पाहिलेच नाही. हिरवळीच्या डाव्या, सुरक्षित भागावर चेंडू टाकला आणि शांतपणे पार घेतला. पुढे पंधराव्या खळीवर मोलिनारीला पुन्हा डबल बोगी लागली. वुड्स एका फटक्याने जिंकला, ४३ व्या वर्षी, ११ वर्षांच्या खंडानंतर आपले १५ वे प्रमुख विजेतेपद घेऊन.

नऊ महिन्यांपूर्वी ज्याने वुड्सला स्थैर्याने हरवले होते त्याच्याकडून ते स्थैर्य निसटले आणि ज्याची पाठ चार वेळा उघडली गेली होती त्याच्याकडे आले, हा या सबंध विषयातला सर्वात मोलाचा भाग आहे. स्थैर्य कोणाच्या मालकीचे नसते. ते दर फटक्याला नव्याने मिळवावे लागते. वुड्सने ते मिळवले, कारण तारुण्यात तो ज्या फटक्यावर सर्वस्व लावत असे तो फटका त्याच्या जोडलेल्या कण्याला आता परवडणारा नव्हता हे त्याने मान्य केले होते आणि उरलेल्या फटक्यांनी स्पर्धा जिंकता येते हे ओळखले होते.

तेंडुलकरच्या बाबतीतही पुनरागमनाचा दुसरा प्रयत्न अशाच मान्यतेतून उभा राहिला. नागपूरच्या अपयशानंतर तो खेळत राहिला, डिसेंबर २००४ मध्ये ढाका येथे त्याने नाबाद २४८ धावा करून सुनील गावसकरांच्या ३४ कसोटी शतकांची बरोबरीही केली. परंतु कोपर बरे झाले नव्हते. शेवटी मे २००५ मध्ये लंडनमध्ये त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि जवळजवळ सहा महिने आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून तो दूर राहिला. २५ ऑक्टोबर २००५ रोजी, श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात, त्याच नागपूरच्या मैदानावर तो परतला. ९६ चेंडूंत ९३ धावा. तिसऱ्या क्रमांकावर बढती मिळालेल्या इरफान पठाणने ८३ धावा केल्या आणि फटकेबाजीचा मोठा वाटा उचलला, त्यामुळे तेंडुलकरला आपल्या गतीने खेळण्यास अवधी मिळाला. भारताने ६ बाद ३५० धावा केल्या आणि १५२ धावांनी सामना जिंकला. या दोन नागपुरी सामन्यांची थेट तुलना करणे योग्य नव्हे, कारण एक कसोटी होती व दुसरा एकदिवसीय सामना, खेळपट्टी वेगळी होती आणि मॅग्रा समोर नव्हता. तरीही एक भेद निर्विवाद आहे: २००४ मध्ये संघाच्या गरजेने परतण्याची तारीख ठरवली होती, २००५ मध्ये ती कोपराने ठरवली. दीड महिन्याने दिल्लीत ३५ वे कसोटी शतक झाले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरजवळच्या जामठा येथील नव्या मैदानावर त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०९ धावा केल्या.

विदर्भाच्या स्वतःच्या संघातही असे एक उदाहरण घडले. मुंबईचा वासिम जाफर कारकिर्दीच्या उत्तरार्धात विदर्भाकडून खेळू लागला, दुखापतीमुळे २०१६-१७ चा मोसम त्याला गमवावा लागला, आणि पुढच्याच मोसमात विदर्भाने प्रथमच रणजी करंडक जिंकला तेव्हा अंतिम सामन्यातला विजयी फटका त्याचाच होता. मार्च २०१८ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, इराणी करंडकाच्या सामन्यात नागपूरलाच त्याने २८६ धावा केल्या. २०१८-१९ च्या मोसमात त्याने हजारांहून अधिक धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला.

हे ज्ञान केवळ मोठ्या मैदानांपुरते ठेवण्याचे कारण नाही. टेनिस एल्बो जडलेल्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. प्रौढांपैकी १ ते ३ टक्के लोकांना हे दुखणे होते आणि हाताने जड, पुन्हापुन्हा तेच काम करणाऱ्यांत ते अधिक आढळते. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात, जेथे मराठी, बंगाली, गोंडी आणि तेलुगू बोलणारी गावे शेजारी शेजारी नांदतात, तेथे बांबू कटाईत दिवसभर कुऱ्हाड चालवणारा मजूर, धान कापताना विळ्याची मूठ आवळून धरणारी स्त्री, रोवणीच्या दिवसांत बांधीत कमरेतून वाकून राहणारी माणसे, ही सर्व नेमका तोच भार त्याच कंडरेवर आणि त्याच गादीवर घेतात. वुड्सच्या कण्याला दर फटक्याला जो पीळ पडे त्याहून रोवणीतला वाक वेगळा असला, तरी झीज होण्याचा नियम एकच आहे. धानोरा तालुक्यातील शोधग्राम येथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांतील पाठदुखी व मानदुखीचा पद्धतशीर अभ्यास केला आणि मुंबईच्या मणकाविकार तज्ज्ञांच्या साहाय्याने तपासणी व शस्त्रक्रियांची सोय केली, ती याच जाणिवेतून. खेळाडूला फिजिओथेरपिस्ट, आराम आणि पुनरागमनाचा मुहूर्त मिळतो. मजुराला हंगाम मिळतो, आणि हंगाम चुकला तर त्या वर्षाची मजुरी बुडते. त्यामुळे नागपूरच्या २००४ च्या कसोटीत जे घडले ते येथे दरवर्षी, नोंद न होता, घडत असते: शरीर तयार नसताना माणूस कामावर परततो.

तालुक्याच्या ठिकाणी दिवाळीनंतर रंगणाऱ्या टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा आणि कबड्डीचे सामने भरवणाऱ्या मंडळांनी, तसेच शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी, एवढे तरी करावे. कोपर, गुडघा किंवा पाठ दोन-तीन आठवड्यांहून अधिक दुखत असेल तर त्या मुलाला, तो संघाचा सर्वात चांगला खेळाडू असला तरी, अंतिम सामन्यात उतरवू नये. त्याला प्रथम ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्यावे, दुखणे दाबणारे इंजेक्शन म्हणजे उपचार समजू नये, आणि परतण्याची तारीख स्पर्धेच्या पत्रिकेवरून न ठरवता मूठ आवळून, वजन उचलून, वेदनेविना पूर्ण हालचाल करता येते की नाही हे पाहून ठरवावी. समोरच्या संघात असा परतलेला खेळाडू असेल तर आपल्या मुलांना त्याच्या दुखऱ्या हातावर चेंडू टाकायला शिकवू नये. मॅग्रासारखा यष्ट्यांवर टाकायला शिकवावे.